मिटा, मिटा, उघडा

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी साडेआठ. स्थळ : आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, जेल रोड, नाशिकरोड. मोबाइल फोटोग्राफीचा वर्ग, पाचवा. हजर : रफीकभाई (मूळचे येवल्याचे, पैठणीवाले), खैरनार काका (एसटीचे निवृत्त कंट्रोलर), सुनंदाताई (बी विंग), माझी आई (खिडकीजवळच्या खुर्चीत), मी, आणि सर. गैरहजर दोघे. एकाच्या घरी साखरपुडा, दुसऱ्याने कारण कळवलं नाही.

हजेरी मीच घ्यायचे, कारण सोसायटीची सचिव मी आणि वर्गाची कल्पनाही माझीच. त्या दिवशीचा विषय वहीत लिहिलेला आहे : ‘काचेच्या फ्रेममधल्या फोटोचा फोटो कसा काढावा’. त्याखाली काहीच नाही. एरवी सरांच्या सूचना मी क्रमांक घालून उतरवून घेत असे. त्या दिवशी वर्ग वीस मिनिटांत संपला.

सरांबद्दल सांगायचं तर लेन्सपासून सुरुवात करायला हवी, कारण ते स्वतः दर वेळी तिथूनच करायचे. सत्तरीचा बारीक माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात साबणाची प्लास्टिकची डबी. डबीत साबण नसे. जुन्या बनियनचे धुऊन मऊ झालेले चौकोनी तुकडे असत. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा ठेवायचे.

“पुसा. मोबाइलला गालाचं तेल लागलंय, कणकेचा हात लागलाय, आणि फोटो धूसर आला की तुम्ही निघालात नवा मोबाइल घ्यायला.”

पुसून झालं की शाळेत नखं तपासतात तसे आमचे मोबाइल उजेडाकडे धरून तपासायचे. खैरनार काकांचा मोबाइल दोनदा परत आला की काका म्हणायचे, “सर, आमच्या डेपोत गाडीची काचसुद्धा एवढी पुसली नाही हो कुणी!”

नाशिकरोड स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत सरांनी चाळीस वर्षं काढली होती. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला, पण त्याचा राग त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही. “पूर्वी माणूस वर्षातनं एकदा यायचा, तोही घाबरून. आता रोज काढतो. चांगलंच झालं. फक्त काढताना बघत नाही कुणी.”

बघायचं कसं, ते त्यांनी शिकवलं. दोन बोटांनी लांबचं जवळ ओढायचं नाही, आपण चालत पुढे जायचं. ऊन थेट अंगावर घ्यायचं नाही, दाराच्या आत उभं राहायचं. रफीकभाईंची तक्रार असायची की पदरावरचा मोरपंखी रंग मोबाइलमध्ये निळा येतो आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. सरांनी त्यांना साडी घेऊन उंबऱ्यापासून हातभर आत बसवलं, ट्यूबलाइट बंद करायला लावली, आणि रंग जसाच्या तसा आला. “या अल्ला,” रफीकभाई म्हणाले, “सहा महिने मी बल्बच बदलत बसलो होतो.” माणसाचा फोटो असेल तर पडद्यावर त्याच्या जवळच्या डोळ्यावर बोट ठेवायचं. मग शेजारी सूर्याची खूण येते, ती थोडी खाली ओढायची. “जरा काळं पडू द्या. काळ्यातनं काढता येतं, पांढरं पडलं की गेलं.”

आणि फोटो काढण्याआधी समोरच्याला सांगायचं : मिटा, मिटा, उघडा. दोनदा डोळे मिटवायचे आणि तिसऱ्याला उघडले की त्याच क्षणी बटण दाबायचं. असं केलं तर पापणी मध्येच पडत नाही. युक्ती अगदी खरी आहे, मी अजून वापरते. पण सर ते ज्या आवाजात म्हणत, तो आवाज मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. तिसऱ्याला डोळे उघडले की सर श्वास सोडत. दर वेळी. जणू या वेळी ते उघडतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चेहरे राहत. रफीकभाई म्हणजे ‘तुटकी भुवई’, काका म्हणजे ‘डावी पापणी जड’. सुनंदाताईंना त्यांनी ‘दोन हनुवट्या’ म्हटलं तेव्हा त्या उसळल्या. “सर, निदान डबल तरी म्हणा! दोन काय दोन? मोजायला बसलात का?” सर मुळीच हसले नाहीत. “मोजावंच लागतं. एक कमी करून द्या म्हणायचे लोक. पेन्सिलीनं करून द्यायचो.”

माझ्याकडे वळले तेव्हा त्यांनी काहीच नाव ठेवलं नाही. आधी माझ्या एका डोळ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर हलत होतं, मध्ये काहीतरी बारीक धरल्यासारखं.

“ताई, तुमचे डोळे मला पाठ आहेत,” ते म्हणाले.

सुनंदाताईंनी मला कोपर मारलं. माझं वय बावन्न. मीही हसून सोडून दिलं, पण घरी जाईपर्यंत मानेवर कुणीतरी फुंकर घालत असल्यासारखं वाटत राहिलं. ते कौतुक नव्हतं. पाढे पाठ आहेत असं आपण सांगतो, तसं ते म्हणाले होते.

वर्ग संपला की ते प्रत्येकाच्या फक्त डोळ्यांचा एक फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घ्यायचे. कपाळ नाही, नाक नाही. एकदा उजेडाचं काहीतरी दाखवताना त्यांच्या मोबाइलमधले फोटो सरकले आणि मी पाहिलं. डोळ्यांच्या जोड्या होत्या, शेकडो. भाजीवालीचे, रिक्षावाल्याचे, लहान मुलांचे. चेहरा एकही नाही.

“सर, हे कशाला?”

“जमवतोय,” ते म्हणाले. “लागतात.”

त्यांना एकदाच चिडलेलं पाहिलं. सुनंदाताईंनी नातवाचा फोटो आणला होता. दुपारी पाळण्यात झोपलेला, खिडकीतला उजेड गालावर. आम्हाला वाटलं, आता सर शाबासकी देणार. त्यांनी मोबाइल पालथा टेबलावर ठेवला.

“झोपलेल्याचा फोटो या वर्गात चालणार नाही.”

“अहो, लेकरू आहे ते!”

“कळतंय मला. उठू द्या, मग काढा. झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. सवय लागते.”

“कुणाला सवय लागते?” काकांनी विचारलं.

 सरांनी रुमालाने हात पुसले, बराच वेळ, एकेक बोट.

आता आईबद्दल. वर्ग मी सोसायटीच्या भल्यासाठी काढला असं सगळे समजत होते. खरं कारण आई होती. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नाहीसं होतं आणि आजूबाजूचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघते तेव्हा तिला माझ्या कानातले दिसतात, केस दिसतात, मधोमध राखाडी डाग. इंजेक्शनं चालू आहेत. त्यांनी झीज लांबते, पण थांबत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

आईची मागणी एकच होती. माझ्या वडिलांचा भिंतीवरचा फोटो टॅबलेटवर टाकून द्यायचा, म्हणजे दोन बोटांनी मोठा करून तिला दिसेल तोवर पाहता येईल. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. मी चार वर्षांची असताना कावीळ होऊन गेले. आई तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणासाठी नामपूरला माहेरी होती, मी बाबांजवळच राहिले होते. निरोप मिळून, तान्हं बाळ घेऊन, एसटीने ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. लग्नात फोटो काढलेले नव्हते. बाबांचा हा एवढाच फोटो : छातीपर्यंतचा, पांढरी टोपी, सरळ समोर रोखलेले मोठे डोळे. मी लहानाची मोठी झाले ती एक वाक्य ऐकत. डोळे अगदी बापाचे घेतलेत हो पोरीनं.

त्या फोटोचे मी दहा-बारा फोटो काढून पाहिले होते. दर वेळी काचेत माझंच प्रतिबिंब यायचं, आणि ते कसं कोण जाणे बरोबर बाबांच्या चेहऱ्यावर बसायचं. म्हणून पाचव्या वर्गाचा विषय मी सुचवला आणि फ्रेम हॉलमध्ये घेऊन आले.

सर त्या दिवशी उशिरा आले. फ्रेम तोवर टेबलावर पालथी ठेवलेली होती. सूचना त्यांनी उभ्या उभ्याच दिल्या. ट्यूबलाइट आणि पंखा बंद. फ्रेम खिडकीला आडवी. काढणाऱ्याच्या मागे काळं कापड, म्हणजे काचेला दाखवायला काही उरतच नाही. काका आणि रफीकभाईंनी माझी काळी शाल माझ्यामागे ताणून धरली. मी फ्रेम सुलटी केली, मोबाइल काचेला समांतर धरला, एका डोळ्यावर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. सर तेव्हा आईच्या खुर्चीशी वाकून तिला काहीतरी समजावत होते.

फोटो पहिल्यांदाच स्वच्छ आला. काच नाहीच असं वाटावं इतका. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक फिकट पांढरा डाग होता. भिंतीवर तो मी कायम बुरशी समजत आले होते. आता कळलं की डाग काचेवर नाही, फोटोतच आहे, आणि त्याला दोन पंख आहेत.

माझ्या मोबाइलमध्ये माणसांचे फोटो नावानिशी लावलेले आहेत. मोबाइल चेहरे ओळखतो आणि शंका आली तर विचारतो. मी बाबांचा फोटो आईच्या अल्बममध्ये टाकायला गेले तर पडद्यावर दोन गोल उमटले. डावीकडे दिवाळीतली मी. उजवीकडे बाबा. खाली प्रश्न : ही एकच व्यक्ती आहे का?

“घ्या!” काका ओरडले. “मशीनलासुद्धा कळतं बापलेक!”

“खून बोलता है,” रफीकभाई म्हणाले. “डोळे तर हुबेहूब, ताई.”

सर हसत हसत पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि आम्हाला जे कधी करू दिलं नाही ते केलं. दोन बोटांनी बाबांचे डोळे मोठे केले. पडदा भरून गेला. मग बोट खाली सरकवत कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या पंखांवर आले आणि तिथे थांबले. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

“ताई, तुम्ही एकलहऱ्याच्या?”

“हो. लहानपणी.”

त्यांनी मोबाइल माझ्या हातात ठेवला. “आज एवढंच,” म्हणाले आणि गेले. डबी टेबलावर राहिली. खिडकीजवळून आईचा आवाज आला, “काय झालं गं? कोण आलंय?” कुणीच आलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी चार वाजता डबी परत द्यायला देवळाली गावात त्यांच्या खोलीवर गेले. एक खोली, उत्तरेकडे खिडकी, भिंतीवर फोटो नाही, आरसा नाही. कॉटवर पत्र्याची ट्रंक उघडी होती आणि आत खाकी पाकिटं ओळीने उभी होती. प्रत्येकावर फक्त गावाचं नाव. सर माझी वाट बघत होते हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या.

“चहा?”

“आधी सांगा.”

“तो फोटो काढला तेव्हा तुमच्या वडिलांना जाऊन चार तास झाले होते.”

मी बसले.

“तेव्हा असे निरोप यायचे. घरात एकही फोटो नाही, माणूस गेलाय, बायको लांब आहे, थांबता येत नाही. मी बावीस वर्षांचा. स्टुडिओच्या मालकांबरोबर सायकलवर आलो. अंगणात खुर्चीत बसवलं त्यांना. डोळे मिटलेले असतात. मग प्रिंट काढायचा, त्यावर ब्रशनं डोळे उघडायचे, आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो घ्यायचा. फ्रेम होते ती त्याची. ते डोळे उघडायचं काम माझं.” त्यांनी ब्रश धरल्यासारखी बोटं हलवली. “माझ्यासारखे कुणी उघडत नव्हतं.”

“पण तुम्ही त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.”

“नाही ना. म्हणून घरातलं कुणीतरी समोर बसवायचं आणि त्याचे उतरवायचे. तुमच्या चुलत्यांचे रडून सुजलेले. सगळ्यांचेच तसे. एकच माणूस रडत नव्हतं.”

बाहेर कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. एक, दोन.

“चार वर्षांच्या होतात,” सर म्हणाले. “पाऊण तास माझ्याकडे बघत बसलात. तेव्हापासून पाठ आहेत. तुमच्या वडिलांचे डोळे कसे होते मला माहीत नाही, ताई. त्या फ्रेममधले तुमचे आहेत.”

मोबाइलने विचारलेला प्रश्न मी अजून ‘नंतर’ करून ठेवला होता. त्याचं उत्तर अर्धं ‘हो’ होतं.

“कोपऱ्यातलं ते काय आहे?”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “रिबीन. ते एका बाजूला कलायला लागले होते. मालकांनी तुम्हाला खुर्चीशी उभं केलं. म्हणाले, बाळ, बाबांचा हात घट्ट धर, हलू नकोस. तुम्ही हलला नाहीत. फ्रेमपुरता कापला तेव्हा तुमची रिबीन तेवढी आत राहिली.”

मला वडिलांची एकच आठवण आहे. बाबा अंगणात उन्हात खुर्चीवर बसलेत. मी शेजारी उभी. माझा हात त्यांच्या हातात, त्यांचा हात गार. कुणीतरी म्हणतंय, हलू नकोस. बाबा काही बोलत नाहीत, पण मला घाई नाही. ही आठवण मी शाळेत निबंधात लिहिली. माझ्या मुलीला सांगितली. हात गार का, याचं कारणही मी लावून ठेवलं होतं : रात्रपाळीहून आले असतील, नळाखाली हात धुतले असतील.

सरांनी ट्रंकेतून एक पाकीट काढलं. ‘एकलहरे’.

“मालक नावं लिहीत नसत, गावं लिहायचे. एवढे डोळे उघडले मी. कुणाचे कुणाला दिले ते सांगायला कुणी उरलं नाही. म्हणून बघत फिरतो. डोळे सापडले तर घर सापडेल, घर सापडलं तर पाकीट देऊन टाकता येईल. तुम्ही पहिल्या.”

“यात काय आहे?”

“मूळ निगेटिव्ह. मिटलेल्या डोळ्यांची. न कापलेली. तुम्ही पूर्ण आहात त्यात.” मग एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाले, “टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा लावा, पूर्ण उजेड. त्यावर निगेटिव्ह ठेवा. वरून मोबाइल सरळ धरा. फोटो काढला की रंग उलटे करायची सोय असते, ती वापरा. काळ्याचं पांढरं होईल. माणूस दिसेल.”

दारापर्यंत सोडायला आले. माझ्या डोळ्यांकडे या वेळी पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं.

मार्चमध्ये सर गेले, दुपारी झोपेत. येवल्याहून त्यांची भाची आली, तिने सरांच्याच मोबाइलवरून वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, मामांचा एखादा फोटो आहे का? आम्ही सगळ्यांनी शोधलं. ज्या माणसाने आमच्याकडून इतके फोटो काढून घेतले, त्याचा एकही नव्हता. शेवटी रफीकभाईंना मिळाला. टेबलावर पैठणी पसरलेली, आणि कडेला सर तिच्यावर वाकलेले. नजर खाली, त्यामुळे डोळे मिटल्यासारखे.

खैरनार काका मनाने चांगले. त्यांनी कुठल्याशा ॲपमध्ये तो फोटो घातला आणि दहा मिनिटांत ग्रुपवर परत टाकला. खाली लिहिलं : ‘डोळे उघडून घेतले. झकास!’ शोकसभेला हॉलच्या पडद्यावर तोच लावला. मोठे, ओले, तरणेबांड डोळे, सत्तरीच्या चेहऱ्यात. हॉलमध्ये कुठेही बसलं तरी ते आपल्याकडेच बघत होते.  मग सुनंदाताई हळूच म्हणाल्या, “काका, हे कुणाचे हो?”

“ॲपमधलेच की.”

“ॲपनं कुणाचे घेतले?”

काकांनी पडदा बंद केला. भाचीला मी मूळ फोटो पाठवला, खाली पाहणारा. तिने तोच फ्रेम केला.

शोकसभेहून परतले तर आई टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती. बाबांचा चेहरा मोठा करून, मान तिरकी करून, कडेकडेने बघत होती. तिचं बघणं आता असंच.

“सरांकडून आलीस त्या दिवसापासून तू माझ्याशी हळू बोलतेस,” ती म्हणाली. “आजारी माणसाशी बोलतात तसं. काय दडवतेस?”

मी सगळं सांगितलं. क्रमाने, काही न गाळता, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. फक्त हाताचं सांगितलं नाही. आई रडली नाही. चिडली की ती माहेरच्या बोलीत जाते, तशी गेली.

“माले माहीत शे! तू समोर, फोटो समोर. मी काय तेव्हा आंधळी होते? या तुना डोया शेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांचे बारीक होते, हसले की दिसायचेसुद्धा नाहीत.”

“मग इतकी वर्षं कधी बोलली का नाहीस?”

“सगळे म्हणायचे बापाचे डोळे. तू खुश व्हायचीस.” तिने टॅबलेट बाजूला ठेवला. “त्या पाकिटात ते खरे आहेत?”

“डोळे मिटलेले आहेत, आई.”

“मग? मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही, तेव्हापासून राहिलंय ते. आणि डोळे आता मला कुणाचेच दिसत नाहीत. मधलं सगळं गेलंय. कपाळ बघेन. कान बघेन. त्यांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, फ्रेममध्ये टोपीच्या सावलीत नीट दिसत नाही. तेवढं दाखव मला. तू नको बघू हवं तर. नुसता काढून दे.”

पण न बघता फोटो काढता येत नाही. निगेटिव्ह पांढऱ्या पडद्यावर ठेवली की खुर्चीशेजारी चार वर्षांची मुलगी दिसणार, रिबीन बांधलेली, हात घट्ट धरलेली. मग रंग उलटे करायचे. त्यानंतर मला जिवंत वडिलांची एकही आठवण उरणार नाही. आई म्हणते, डाग आता कडांकडे सरकायला लागलाय. काल तिला माझे कानातले दिसले नाहीत.

तयारी पूर्ण आहे. टॅबलेट चार्ज करून ठेवला आहे, कोरा पांढरा पडदा जतन केला आहे, लेन्स पुसली आहे. सकाळचा चहा झाला की आई विचारते, “झालं का गं?” मी म्हणते, “आज करते.” पाकीट कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याचं तोंड डिंकाने चिकटवलेलं आहे, आणि ते अजून फोडायचं आहे.